कपाळावरची लव

९ सप्टेंबर

आजपासून लिहायचं ठरवलंय, आणि फक्त केसांबद्दलच लिहायचं. बाकीचं लिहायला बसलो तर रडगाणं होईल.

औषधाच्या खोक्यावर छापलंय, निदान चार महिने धीर धरा. धीर हा माझा गुण नव्हे. दिसेल ते लिहीत गेलो तर वाट बघणं सोपं जाईल असं वाटतं.

सोमवारी गाड्यांच्या शोरूममध्ये मुलाखत झाली. मॅनेजर माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. फर्निचरच्या दुकानात अठरा वर्षं काढली, शेवटी सगळा मजला माझ्या हाताखाली होता, असं मी सांगत होतो आणि तो माझ्या डोळ्यांत न बघता चार बोटं वर बघत होता. शेवटी म्हणाला, "आमची टीम जरा तरुण आहे हो." मी बेचाळीसचा आहे. टकलामुळे पन्नाशी उलटल्यासारखा दिसतो. दुकान एप्रिलमध्ये बंद पडलं, इनेस जूनमध्ये झाली, आणि गेल्या आठवड्यापासून ओडिलिया परत दातांच्या दवाखान्यात कामाला जायला लागली. दिवसभर घरात मी आणि तीन महिन्यांची पोर. वरच्या मजल्यावर सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत, पोर उचलून फिरणं त्यांना जमत नाही.

मुलाखतीहून येताना औषधांच्या दुकानात शिरलो. काउंटरमागच्या बाईंनी बाटली पुढ्यात ठेवून सगळं नीट सांगितलं. सकाळ-संध्याकाळ, एवढंच, जास्त लावल्यानं जास्त येत नाहीत. पुरतं वाळल्याशिवाय उशीवर डोकं टेकायचं नाही. हात धुवायचे. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, आणि सोडलं की आलेले केसही जातात.

"घरात लहान मूल आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग जपा."

जपतोच आहे. बाटली तळघरात बॉयलरच्या मागे, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलीय. इनेसचा हात तिथवर पोचायला दहा वर्षं लागतील.

१२ सप्टेंबर

ओडिलियाला सांगितलेलं नाही. तिचे वडील मरेपर्यंत केस काळे करत होते. शेवटच्या आजारपणातही तिच्या आईला डाय लावायला बसवायचे. त्याची तिला शिसारी आहे. लग्नाआधी मला म्हणाली होती, "तुझं मला हेच आवडतं, तू आहेस तसा दिसतोस." आता कुठल्या तोंडानं सांगू? आणि सासूबाईंच्या कानावर गेलं तर रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या फॉल रिव्हर गावाला कळेल.

म्हणून वेळा ठरवल्यात. सकाळी ओडिलिया गेली की एकदा. दुपारी इनेसला झोपवायच्या आधी एकदा, म्हणजे ओडिलिया येईपर्यंत वास उडून जातो.

इनेस पाळण्यात झोपत नाही. माझ्या उशीवरच, माझ्या डोक्याला तोंड चिकटवून झोपते. पाळण्यात ठेवली की टाहो फोडते. दोन मुलं पोटातच गेल्यावर ही हाती लागलीय. तिनं रडावं आणि मी ऐकत बसावं, हे माझ्याच्यानं होत नाही.

४ ऑक्टोबर

संकट. केस यायचे सोडून होते ते चालले. न्हाणीघराच्या जाळीत आज मूठभर सापडले. खोक्यावर लिहिलंय की सुरुवातीला गळतात, घाबरू नका. लिहिणाऱ्याचं काय जातं?

आर्मांडोकडे गेलो. लहानपणापासून तोच माझे केस कापतो, म्हणजे कापायला होते तोवर. खुर्चीत बसल्यावर त्यानं डोक्यावरून हात फिरवला आणि हसला.

"राजा, काय लावतोयस?"

सांगितलं.

"ते? ते पाणी आहे. म्हाताऱ्या बायकांना देतात ते." त्यानं खणातून बिनलेबलाची तपकिरी बाटली काढली. "माझा मेहुणा फ्लोरिडाहून पाठवतो. तिप्पट ताकद. आपल्या अर्ध्या चर्चच्या डोक्यावर हेच आहे, नावं सांगत नाही."

"काही होत नाही ना याचं?"

"माझ्याकडे बघ," त्यानं केसांतून कंगवा फिरवला. "मेलोय का मी?"

२१ ऑक्टोबर

नवी बाटली चिकट आहे, वाळायला वेळ घेते. टाळू चुरचुरते. म्हणजे काम करत असणार.

दोनदा उठताना भोवळ आली, छातीत धडधडलं. कॉफी कमी करायला हवी.

इनेसला दात येतायत. हाताला येईल ते चावते. मी तिच्या शेजारी जमिनीवर आडवा झालो की माझं डोकं दोन्ही हातांनी धरते आणि बिस्किट चोखावं तशी टाळू चोखत बसते. हसून हसून पोट दुखतं. हिच्या आईनं एकदा तरी हे बघायला हवं.

१४ नोव्हेंबर

आली! कपाळाच्या वर, डाव्या बाजूला, उजेडात बघितलं की लव दिसते. बाळाच्या अंगावर असते तशी, मऊ, बिनरंगाची. आरशासमोर किती वेळ उभा होतो कोण जाणे. इनेस मागे रडत होती तेव्हा भान आलं.

तिच्याही कपाळावर लव दाटलीय. भुवयांपासून वरपर्यंत. दोघंही एकाच वेळी केसाळ होतोय, असं मनात आलं आणि हसू आलं. कुणाला सांगणार हा विनोद?

२७ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगला टर्की, आणि सासूबाईंचं सॉसेज घातलेलं केलच्या भाजीचं सूप, कारण नुसत्या टर्कीवर त्यांचा विश्वास नाही. जेवण झाल्यावर त्यांनी इनेसला मांडीवर घेऊन पाठ उघडी केली आणि दिव्याखाली धरली.

"ओडिलिया, ये इकडे. हे बघ."

पाठीवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, काळसर केस. खांद्यांवरही.

"बाळांना असतात गं आई," ओडिलिया म्हणाली.

"जन्मताना असतात. मग जातात. हिचे येतायत." मग माझ्याकडे वळून, "जावईबुवा, तुमच्या आजीला मिशा होत्या ना? साओ मिगेल बेटावर, गावात तिला पोरं सार्जंट म्हणायची, मला आठवतंय."

"आजीला दोन केस होते, आई. हनुवटीवर."

"दोनाचे वीस व्हायला वेळ लागत नाही."

सगळे हसले. ओडिलिया हसली नाही. तिनं इनेसचा कपडा खाली ओढला आणि भांडी आवरायला घेतली.

२५ डिसेंबर

काल नाताळच्या मिसाला, प्रार्थनेला, इनेसला लोकरीची टोपी घातली होती, भुवयांपर्यंत ओढून. चर्चमध्ये उकडत होतं, तिनं टोपी उपटून फेकली. पुढच्या बाकावरची बाई गोड बोलायला म्हणून मागे वळली आणि तिचं हसू तोंडावरच थिजलं. पुढे वळली आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

घरी आल्यावर ओडिलिया न्हाणीघरात रडली. मी दाराबाहेर उभा राहिलो. "मी गरोदर असताना काय चुकीचं खाल्लं?" ती आतून विचारत होती. "सांग ना, काय खाल्लं मी?"

सासूबाईंनी दृष्ट काढली. ताटलीत पाणी घेऊन वर तेलाचे थेंब सोडले. थेंब पसरले, म्हणजे लागलीच आहे म्हणे. पोरीच्या गळ्यात ताईत म्हणून काळ्या दगडाची कोरलेली इवलीशी मूठ बांधली.

माझे केस आता लांबूनही दिसतात. मेजवानीत ओडिलियाचा चुलतभाऊ म्हणाला, "दुआर्त, तब्येत सुधारलीय तुझी." हे लिहायला नको होतं आज. पण ठरवलंय ना, केसांबद्दल लिहायचं.

९ जानेवारी

मुलांच्या डॉक्टर व्हिटकोमकडे गेलो. आम्ही तिघं आणि इनेस. डॉक्टरबाईंनी तिला पुरती उघडी करून तपासलं. दंड, पोटऱ्या, गाल, पाठ. वजनकाट्यावर ठेवलं. छाती बराच वेळ ऐकली.

मग विचारलं, "घरात कुणी हार्मोनचं मलम किंवा जेल लावतं का अंगाला? पुरुष लावतात काही वेळा, ताकदीसाठी. किंवा दुसरं काही, कातडीवर लावायचं?"

"हा कसली ताकद लावतोय," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर घरात असतो."

ओडिलियानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती माझ्या वतीनं "नाही" म्हणून मोकळी झाली. मीही मान हलवली.

त्यांनी हार्मोनचं विचारलं होतं. माझं हार्मोनचं नाही. ते टाळूतलं रक्त वाढवतं, एवढंच. मी खोटं बोललो नाही.

"मग आतमध्ये बघावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "मूत्रपिंडांवर छोट्या ग्रंथी असतात. तिथं गाठ असली तर असं होतं." गाठ म्हणाल्या. त्यानंतर त्या जे बोलल्या त्यातलं मला काही आठवत नाही.

२२ जानेवारी

रक्त काढलं. शीर सापडत नव्हती. दोन नर्सनी धरलं होतं, मी पाय धरले होते. तिच्या पायांवरचे केस माझ्या तळव्याला लागत होते. तिसऱ्यांदा सुई टोचल्यावर ती रडायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

घरी आल्यावर माझ्या उशीवर झोपवली. दोघंही झोपलो.

३ फेब्रुवारी

शोरूममधून फोन आला! सप्टेंबरातल्या माणसानंच बोलावलं. या वेळी सरळ डोळ्यांत बघून बोलला. चोवीस तारखेपासून या म्हणाला. बाहेर आल्यावर गाडीच्या आरशात स्वतःला बघितलं. मोडलेला माणूस नव्हता तो.

ओडिलियाला सांगितलं तर तिनं मान डोलावली. "बरं झालं," म्हणाली. मग म्हणाली, "रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. आता स्कॅन करणार आहेत. गुंगी द्यावी लागेल."

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी इनेसचे डोळे उघडेनात, पापण्या इतक्या सुजल्या होत्या. पावलं फुगलेली. श्वास भराभर घेत होती, बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओडिलियानं कामाला जायचा कोट घातलेला होता, तसाच गाडीत बसली. प्रॉव्हिडन्स शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. हृदयाभोवती पाणी साठलंय. सुई घालून ते काढलं, आम्हाला बाहेर उभं करून.

दुपारी एक तरुण डॉक्टर आला, ओकाफोर नावाचा. सगळं पहिल्यापासून विचारलं. मी गुंगीत असल्यासारखा उत्तरं देत होतो. मग तो म्हणाला, "केस वाढणं, सूज, हृदयाभोवती पाणी, हे सगळं एकत्र घडवणारं एक औषध आहे. मिनॉक्सिडिल. केस गळणारे लोक डोक्याला लावतात. पूर्वी रक्तदाबासाठी पोटात द्यायचे. घरात, शेजारीपाजारी कुणी वापरतं?"

खोक्यावर तेच नाव आहे. मोठ्या निळ्या अक्षरांत.

ओडिलियाचा हात माझ्या हातात होता. सासूबाई समोरच्या खुर्चीत जपमाळ घेऊन बसल्या होत्या.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं माझ्या डोक्याकडे बघितलं का? बघितलं असेल. "ठीक आहे," म्हणाला. "मग उद्या सकाळी स्कॅन करूच. गाठ नाही ना, हे बघितल्याशिवाय गत्यंतर नाही."

कपडे आणायला म्हणून मी एकटा घरी आलोय. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून बसलोय. परत गेलो की सांगतो. नाही तर स्कॅनमध्ये काय निघतं ते बघून. गाठ निघाली तर? मग उगाच माझा संसार मोडून बसलो असं व्हायचं. दोन दिवसांत तिला काय होणार आहे, माझ्यापासून लांबच तर आहे ती आता.

गाठ निघावी असं मला एक क्षण वाटलं. हे लिहून ठेवतो. वाटलं.

१८ फेब्रुवारी

काल सकाळी सांगितलं नाही. ओडिलियानं तिला स्ट्रेचरवर ठेवली, पांघरूण नीट केलं, कपाळावरच्या केसांवरच ओठ टेकले. मी शेजारी होतो. तोंड उघडलंही होतं. नर्स म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाजूला व्हा," आणि मी बाजूला झालो.

गुंगी दिल्यावर तिचा श्वास थांबला. आधीच थकलेलं हृदय. आत पळापळ झाली, काचेतून दिसत होती. ओडिलिया काचेवर दोन्ही हात ठेवून उभी होती. मग कुणीतरी अंगठा वर करून दाखवला. नळी घालून श्वास परत आणला होता.

ओकाफोर बाहेर आला तेव्हा मी त्याच्या कोटाची बाही धरली. "मी लावतो," मी म्हणालो. "ते औषध. मीच लावतो. तिप्पट ताकदीचं."

त्यानं विचारलं, "कधीपासून?"

"सप्टेंबर."

"आणि ती तुमच्याजवळ झोपते?"

"माझ्या उशीवर."

ओडिलिया माझ्या मागे होती. मला वाटलं ती मारेल. तिनं ओकाफोरला विचारलं, "म्हणजे स्कॅनची गरजच नव्हती?"

"काल हे कळलं असतं तर केलं नसतं," तो म्हणाला. त्यानं आवाज चढवला नाही, ना माझ्याकडे बघितलं.

२४ फेब्रुवारी

इनेसच्या नळ्या काढल्या. दूध प्याली. मला काचेबाहेरून बघू दिलं.

आज नोकरीचा पहिला दिवस. गेलो. एका जोडप्याला सात जणांची गाडी दाखवली. मागच्या सीटवर मुलांची खुर्ची कशी बसवायची ते करून दाखवताना पट्टा दोनदा उलटाच अडकवला. नवऱ्याला वाटलं, मी नवखा आहे.

९ मार्च

बालकल्याण खात्याची बाई दोनदा येऊन गेली. तळघर बघितलं, उशी बघितली, दोन्ही बाटल्या पिशवीत घालून नेल्या. ओडिलिया आणि इनेस वरच्या मजल्यावर सासूबाईंकडे राहतात. मी खाली. रविवारी तासभर भेटायचं, सासूबाईंसमोर. बाई म्हणाली, "तुम्ही मुद्दाम केलं नाही हे मला दिसतंय. पण दोनदा विचारलं होतं तुम्हाला."

सासूबाई सूप घेऊन खाली आल्या. जिना उतरायला त्यांना किती त्रास होतो ते मला माहीत आहे. मला वाटलं आता तोफ सुटणार. त्यांनी भांडं टेबलावर ठेवलं.

"तुझ्या आजीला मी नावं ठेवली," म्हणाल्या. "त्या बिचारीचा काही दोष नव्हता. तिच्यासाठी मेणबत्ती लावून आले."

मग दारात थांबल्या. "माझ्या नवऱ्याच्या डोक्याला मी तीस वर्षं रंग लावला, दुआर्त. मला सांगितलं असतंस तर मी हसले असते. खूप हसले असते. आणि मग लावूनही दिलं असतं."

२ एप्रिल

ओडिलिया कामावरून आली तेव्हा मी पायऱ्यांवर बसलो होतो. किती दिवसांनी ती थांबली.

"माफ कर म्हणायला बसलायस का?"

"हो."

तिनं पर्स मांडीवर घेतली आणि दोन पायऱ्या वर बसली. "औषधाचं मी कधीतरी विसरेन," ती म्हणाली. "तो मूर्खपणा होता. मूर्ख माणसाशी संसार करता येतो, माझ्या आईनं केला. मी तीन महिने स्वतःला दोष देत होते, मी काय खाल्लं, काय प्यायले. तू दाराबाहेर उभा राहून ऐकत होतास. तेव्हा तुला माहीत नव्हतं. तेही सोडलं. पण त्या मंगळवारी मी तिला स्ट्रेचरवर ठेवली, तेव्हा तुला माहीत होतं."

"मी घाबरलो होतो."

"मीही घाबरले होते. पण मी तिच्यासाठी घाबरले होते."

ती उठून वर गेली. बरोबरच म्हणाली.

११ मे

इनेसचे केस झडायला लागलेत. आंघोळीच्या पाण्यावर तरंगतात म्हणे, सासूबाई गाळणीनं काढतात. आधी पाठ मोकळी झाली, मग दंड. कपाळ अजून आहे. हृदयाचे ठोके नीट आहेत.

माझेही चाललेत. बाटली सोडून अडीच-तीन महिने होतील. उरलेले आज मशीननं काढून टाकले आणि तसाच शोरूमला गेलो. मॅनेजर काय म्हणतो याची धास्ती होती. तो पार्किंगमध्ये भेटला, शनिवारच्या सेलबद्दल बोलला, कुठली गाडी पुढे लावायची ते बोलला, आणि गेला. त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. दुपारी न राहवून मीच विचारलं, फेब्रुवारीत मला परत का बोलावलंत?

"आधी घेतलेला पोरगा सोडून गेला," तो म्हणाला. "यादीत पुढचं नाव तुमचं होतं. का हो?"

"सहज," मी म्हणालो.

२१ जून

इनेसचा वाढदिवस परवा झाला. मला रविवारी, म्हणजे आज, केकचा तुकडा मिळाला. ती टेबल धरून उभी राहते. कपाळ स्वच्छ झालंय, गोरं, गुळगुळीत, जणू काही झालंच नाही. छातीखाली सुईचा छोटा वण आहे.

ओडिलिया ऑगस्टमध्ये तिच्या बहिणीकडे न्यू बेडफर्डला राहायला जाणार आहे. वकिलाचं पत्र येईल म्हणाली. "तुला भेटू देईन," म्हणाली. "मी कुणापासून काही लपवून ठेवणारी नाही."

१२ जुलै

आज आर्मांडोकडे गेलो. फेब्रुवारीपासून गेलो नव्हतो. कापायला काही नव्हतं, पण त्या बाटलीचं डोक्यातून जात नव्हतं.

दार उघडलं तर खुर्चीत एक तरुण, तिशीचा असेल, गोदीत काम करणाऱ्यासारखा दिसत होता. आर्मांडो त्याच्या मागे उभा. आरशापुढच्या फळीवर तीच तपकिरी बिनलेबलाची बाटली.

"राजा!" आर्मांडो म्हणाला आणि त्याची नजर माझ्या डोक्यावर गेली.

मी त्याच्याशी बोललोच नाही. आरशातून त्या तरुणाकडे बघितलं आणि म्हणालो, "घरात लहान मूल आहे?"

"दोन आहेत. का?"

तिथंच उभ्यानं सगळं सांगितलं. लव, टोपी, सुया, हृदयाभोवतीचं पाणी, काचेतून बघितलेली पळापळ. बाटलीत किती ताकद आहे हे कुणी मोजलेलं नाही, तेही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही लपवलं नाही. मंगळवारचंही सांगितलं. आर्मांडो मध्ये मध्ये म्हणत होता, "दुआर्त, पुरे. दुआर्त, धंदा आहे माझा. मी तुला सांगितलं होतं का पोरीला चाटू दे म्हणून?" शेवटी तोही थांबला.

तरुणानं अंगावरचा कपडा बाजूला केला आणि वळून माझ्याकडे बघितलं. चेहरा पडला होता त्याचा. भला माणूस वाटला.

"पोरगी आता बरी आहे ना?"

"बरी आहे."

"देवाची कृपा." मग हळूच, आर्मांडोला ऐकू जाऊ नये तशा आवाजात म्हणाला, "आणि केस? आले होते का?"

मी आता कुणी विचारलं तर खोटं बोलत नाही.

"आले होते," मी म्हणालो. "दाट आले होते."

त्यानं मान डोलावली, उठला, आर्मांडोच्या हातात नोटा ठेवल्या आणि बाटली जॅकेटच्या आतल्या खिशात घातली. "मी जपून लावीन," मला म्हणाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला.

घरी येऊन तासभर बसलोय. तिथं खोटं बोलायला हवं होतं की काय, हे मला कळत नाही.